तुझा डाग परत आलाय

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि. लिहिलं की तू चिडतोस, म्हणून मुद्दाम लिहिलं. सात महिने ना पत्र ना फोन, त्याच्या शिव्या हे वाचून झाल्यावर दे. तब्येत बरी. गुडघा होता तसाच.

अण्णांचं खिडकीतलं टेबल रंगवायला काढलंय. सागवानाला रंग फासतोस, लाज नाही वाटत, हे तू म्हणणारच. पण पॉलिश जागोजागी पांढरं पडलं होतं आणि मागची फळी कुणीतरी साध्या लाकडाची बसवली होती. पॉलिशमध्ये ती फळी सात जन्म मिसळली नसती. शिवाय टेबल माझ्या घरात आहे, तुझ्या नाही.

आधी साबणाच्या पाण्यानं तेलकटपणा काढला. कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा टेकवून पाहिला, पॉलिश चिकट झालं, म्हणजे जुनं चपडीचंच, लाखेचं. मग 120 नंबरचा पॉलिश पेपर, मग 220. रेषेच्या दिशेनं घासायचं, एवढंच मी सुतारकामाच्या तासाला शिकलो होतो, तेही तू आडवं घासून मार खाल्लास म्हणून. लांबी भरली, अस्तर दिलं, पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले. रात्री इतकं सुंदर दिसत होतं की मी दोनदा उठून दिवा लावून पाहिलं.

सकाळी उजव्या बाजूला तळहाताएवढा निळसर ढग.

कळलं ना कुठे ते? मी तिसरा हात मारला. वाळता वाळता तो पुन्हा वर. शाई पाण्यात विरघळते, रंगही पाण्याचाच; ओला रंग तिला भिजवतो आणि सुकताना वर ओढून घेतो. दहा हात दिले असते तरी दहाव्यावर दिसली असती. त्या प्रकारानंतर अण्णांनी सुताराकडून वरून पॉलिश करून घेतलं होतं, आठवतं? तो चपडीचा थर इतकी वर्षं तिला दाबून बसला होता. तो मीच घासून काढला. डाग जावा म्हणून तिथे तर जास्तच घासलं.

हे सगळं मी हसत सांगितलं असतं. पण तिसऱ्या हाताच्या वेळी अण्णा खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले. बराच वेळ पाहत होते. म्हणाले, "त्या पोराची शाई ना ही? अजून हटत नाही." आणि हसले. मग म्हणाले, "पण कबूल केलं हो त्यानं. समोर येऊन. तुझ्यासारखा नव्हता."

मी ब्रश धरून उभा. रंग कोपरापर्यंत ओघळला.

दौत मी सांडली होती हे जगात दोघांनाच माहीत. दुसऱ्याच्या मुलावर अण्णा हात उगारणार नाहीत असा तुझा हिशोब. उगारला नाहीच, दोन महिने घरात पाऊल ठेवू दिलं नाही. तू पायरीखालून हाक मारायचास आणि मी आतून "आलो" म्हणायचो, जणू काही झालंच नाही. पुढे सायकलवरून भांडलो तेव्हा तू म्हणालास, "शाईचं मी कधी काढलं का?" त्या एका वाक्यावर मी चार महिने अबोला धरला. सायकल तूच वाकवली होतीस, हे मात्र मी अजूनही म्हणतो.

डागावर उपाय सापडलाय. चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून डागावर दोन हात. पहिला हात किंचित निळा झाला, दुसरा स्वच्छ राहिला. चपडी पाण्याला दाद देत नाही, त्यामुळे आता शाई वर येणार नाही. वरून पांढरा हात मारला की संपलं. तोच हात मी चार दिवस मारलेला नाही.

कारण डाग झाकला की अण्णा तो विषय काढणार नाहीत, आणि आपणहून काढण्याची माझी छाती नाही. ते आता 84 चे. येणाऱ्याजाणाऱ्याला तुझ्या खरेपणाची गोष्ट रंगवून सांगतात. ती मोडून त्यांना काय मिळणार? की मलाच हलकं व्हायचंय? सांगितलं तर तूही खोटारडा ठरतोस, हाही घोळ आहेच. म्हणून तुला विचारतोय. "तुला वाटेल ते कर" असं लिहू नकोस, ते तुझं नेहमीचं.

ड्रॉवरची फजिती राहिलीच. शहाणपणा करून त्याच्या बाजूही रंगवल्या, आता अर्ध्यात अडकलाय. त्या रंगवायच्याच नसतात, नुसती मेणबत्ती घासायची. आत अण्णांचा चष्मा आहे.

तुझ्या बदलीचं काय झालं? धाकटीचा निकाल लागला असेल. वहिनींना नमस्कार. काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का, तेही लिही.

अण्णा रोज टेबलावर वर्तमानपत्र ठेवायला येतात. बाकीचा रंग हाताला वाळलेला लागतो, पण अजून कच्चा आहे, कागद चिकटेल, म्हणून मी उचलून घेतो. "कधी होणार तुझं?" म्हणतात. दोन आठवडे लागतील, असं सांगून ठेवलंय. तेवढ्यात तुझं पत्र येऊ दे.

तुझा,
पायरीच्या आतला