साठीनंतरच्या हार्टला नुसतं 'टाळा टाळा' सांगून भागत नाही

मा. संपादक, स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत साठीनंतर हार्टसाठी काय खावं यावर अर्धं पान होतं. चष्मा लावून बसलो वाचायला आणि निम्म्यातच वैतागलो, कारण सगळी यादी टाळायचीच, मीठ टाळा तेल टाळा अंडं टाळा लोणी टाळा. एवढं टाळल्यावर ताटात उरतं काय ते कुठेच नाही.

माझं वय ७३. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आणि घाबरून मी नेमकं हेच करून बसलो, अंडी बंद, मासे बंद, दूध नावापुरतं, तेल थेंबभर. चार महिन्यांत सात किलो उतरलो, भेटेल तो म्हणायचा वा काय बारीक झालात, मीही खुश! मग एक दिवस खुर्चीतून हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठताच येईना. डाएटिशियन बाईंनी वही काढून हिशोब केला, म्हाताऱ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ६० किलोवाल्याला ६० ते ७२ ग्रॅम, आणि मी जेमतेम तीसेक ग्रॅम खात होतो. म्हणजे चरबीबरोबर माझे स्नायूही चालले होते. (किडनी कमजोर असेल तर हा हिशोब वेगळा, तो आपल्या डॉक्टरनाच विचारायचा.) आता एक अंडं, कडधान्यं, दही आणि आठवड्यातून दोनदा मासे असं चालू आहे, आणि उठता येतं.

अंड्याला तर लोक अजून उगाच घाबरतात. एलडीएल म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवण्यात अंड्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा सॅच्युरेटेड फॅटचा (लोणी-क्रीममधल्या चरबीचा) हात जास्त असतो, अमेरिकेच्या २०१५-२० च्या आहार मार्गदर्शक तत्त्वांतून दिवसाला ३०० मिलीग्रॅम कोलेस्टेरॉलची जुनी मर्यादाही काढून टाकली होती. तेलाचंही तसंच, लोणी-क्रीम कमी करून त्या जागी शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं किंवा ऑलिव्हचं तेल बेताने वापरलं तर फायदा होतो, पण लोणी काढून तिथे मैदा आणि साखर आणली तर काय उपयोग, आणि आपण बरेचदा तेच करतो, चहाबरोबर चार बिस्किटं.

मिठाचं मात्र तुमचं बरोबर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी म्हणते, म्हणजे चहाचा सपाट चमचासुद्धा भरत नाही. पण लेखात लिहिलंय वरून मीठ घेऊ नका, अहो पाव, चीज, सॉस, पाकिटातलं सूप यातलं मीठ कोण मोजणार? पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं, ८०० मिलीग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ झालं. वयाप्रमाणे जिभेची चवही मंद होते त्यामुळे म्हातारा माणूस मिठाकडे हात नेतो तो हट्टाने नाही हो, त्याला खरंच अळणी लागतं. लिंबू, मिरी, लसूण यांनी बरंच भागतं.

आता माझी खरी तक्रार. लेखात 'लो सोडियम मीठ वापरा' एवढं एक वाक्य टाकून विषय संपवलाय. हे मीठ चांगलं आहे, चीनमधल्या ६०० गावांत जवळजवळ २१ हजार लोकांवर अभ्यास झाला, २०२१ मध्ये छापून आला, ते वापरणाऱ्यांत स्ट्रोक १४ टक्क्यांनी कमी दिसले. पण त्यात थोड्या सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं! आणि ज्यांची किडनी मंदावलीय किंवा जे रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन असल्या बीपी-हार्टच्या गोळ्या घेतात त्यांच्या रक्तात पोटॅशियम साठून हार्टचे ठोके बिघडू शकतात. तुमची पुरवणी वाचणाऱ्या ज्येष्ठांपैकी कितीजण यातली एखादी गोळी घेत असतील? तसंच वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी पालेभाजी बंद करायची नसते, रोज साधारण सारखी खायची असते, एकदम वाढवली की गोळीचा असर उतरतो. ग्रेपफ्रूट आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या यांचंही जमत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुठल्या गोळीबरोबर काय खाताना डॉक्टरला विचारायचं याची एक चौकट टाका, आणि अक्षर जरा मोठं ठेवा, पाकिटावरचं सोडियम वाचायलाच आम्हाला भिंग लागतं.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक