फ्लॉरेन्सच्या सहलीत पालात्सो स्ट्रोत्सीही हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या अंकात युरोप सहलींच्या जाहिराती सुरू होतात. त्यातल्या बहुतेकींत फ्लॉरेन्सच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो. कॅथेड्रलपुढे फोटो, सिन्योरिया चौक, जुना पूल, थोडी चामड्याची खरेदी, की बस निघाली. आमच्या सहलीतही असेच झाले. म्हणून २०२४च्या जानेवारीत पुन्हा तिथे जाण्याचा योग आला तेव्हा ठरवून पालात्सो स्ट्रोत्सी पाहिले. रिपब्लिका चौकापासून ते अगदी जवळ आहे आणि तिथे आपली माणसे जात नाहीत, याची मनापासून हळहळ वाटते.

हा सावकारी पेढीवाल्यांचा वाडा. शहरावर सत्ता गाजवणाऱ्या मेडिची घराण्याने स्ट्रोत्सी घराण्याला शहराबाहेर घालवले होते. फिलिप्पो स्ट्रोत्सीने नेपल्समध्ये पैसा कमावला, परत आला आणि ज्योतिषांकडून मुहूर्त काढून ६ ऑगस्ट १४८९ रोजी पायाभरणी केली. दोनच वर्षांत तो वारला. काम मुलांनी पुढे नेले, तरी माथ्यावरची भव्य दगडी कंगणी पूर्ण झालीच नाही. मान वर करून पाहिले तर ती कुठे थांबली ते आजही दिसते. भिंतीचे दगड तळाशी फुगीर, ओबडधोबड आणि वरच्या मजल्यांवर सपाट होत जातात. कोपऱ्यांवरचे लोखंडी कंदील निक्कोलो ग्रोस्सो या लोहाराचे. विसार हातात पडल्याशिवाय तो काम घेत नसे, असे सोळाव्या शतकात कलावंतांची चरित्रे लिहिणाऱ्या वासारीने लिहून ठेवले आहे. काम पाहिल्यावर त्याचा हा ताठा रास्तच वाटतो!

पण मला सांगायचे आहे ते आतल्या चौकाबद्दल. तीन रस्त्यांना तीन दरवाजे आहेत आणि चौकात जायला तिकीट नाही. कामावर निघालेली माणसे सरळ आतून पलीकडे जातात. बाहेर भिंतीला लागून दगडी बाक आहे, त्यावर मुले डबा खात बसली होती. १८१९ साली सुरू झालेले व्हिएस्यू ग्रंथालय १९४०पासून इथेच आहे. १९६६च्या नोव्हेंबरात आर्नो नदीच्या पुरात त्याची असंख्य पुस्तके चिखलात गेली. १९३७पर्यंत घराण्याच्या ताब्यात असलेल्या या वाड्यात २००६पासून एक प्रतिष्ठान प्रदर्शने भरवते. दोरखंड लावून लांबून दाखवायची वास्तू न करता तिला रोजच्या वापरात ठेवले आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

मी गेलो तेव्हा मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे प्रदर्शन होते. ‘स्वयंभू’ नावाचा लाल मेणाचा अजस्र ठोकळा रुळांवरून, सरकतोय हे कळणारही नाही इतका हळू, एका दालनातून दुसऱ्या दालनात जात होता. दाराच्या चौकटीला घासून त्याचे मेण दोन्ही अंगांना थापले गेले होते. पाचशे वर्षांच्या दगडी वाड्यात हे होऊ दिले, या धाडसाला दाद द्यावीशी वाटली. आपल्याकडचा कलावंत, कलाकृतीचे नाव आपल्या ओळखीचे आणि बघायला मराठी माणूस मात्र मला एकही भेटला नाही.

सहल-संचालकांना विनंती आहे की, फ्लॉरेन्समध्ये मुक्काम असेल तर निदान ऐच्छिक म्हणून तरी या वाड्याचा समावेश करावा. प्रदर्शन दर गुरुवारी रात्री ११ पर्यंत खुले असते, त्यामुळे गटाचे जेवण उरकूनही जाता येते. स्वतंत्रपणे जाणाऱ्या वाचकांनी कोणते प्रदर्शन चालू आहे ते आधी पाहून घ्यावे. दोन प्रदर्शनांमधल्या काळात वरची दालने बंद असतात.

– एक वाचक, ठाणे