भाव भडकला म्हणजे मार्केट फेल, असं नसतं

संपादक साहेब, नमस्कार.

भाववाढीवरचा तुमचा लेख वाचला. भाव भडकले म्हणजे मार्केट फेल गेलं, सरकारने भाव बांधून द्यावेत, असा त्याचा सूर आहे, आणि तो मला काही पटला नाही. चढा भाव हा निरोप असतो, की माल कमी पडतोय, जपून वापरा आणि ज्याला जास्त काढता येत असेल त्याने काढा. निरोप दाबला म्हणून टंचाई जात नाही, ती रांगेत दिसायला लागते.

1973 चं तेल संकट बघा. ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल तोडलं, उत्पादनही कमी केलं, आणि बॅरलला 3 डॉलरच्या आसपास असलेला भाव जानेवारीपर्यंत जवळपास 12 डॉलरवर गेला. अमेरिकेत निक्सन सरकारने 1971 पासूनच भावांवर कंट्रोल आणला होता, मग व्हायचं तेच झालं, पंपांवर लांबच लांब रांगा आणि बऱ्याच ठिकाणी गाडीचा नंबर सम की विषम बघून पेट्रोल. कागदावर स्वस्त, पण मिळेल तर ना!

पण "मार्केट आपोआप सगळं ठीक करतं" म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही, कारण ते वेळेचं नावच काढत नाहीत. भाव काही महिन्यांत चौपट होतो, पण ज्याच्याकडे मोठी गाडी आहे तो ती लगेच थोडीच टाकून देणार, आणि नवीन तेलविहिरीला तर वर्षानुवर्षं लागतात. म्हणून सुरुवातीला वाटतं की भाव वाढूनही काहीच हलत नाहीये. हलत असतं. लोक जुनी गाडी बदलताना छोटी जपानी गाडी घ्यायला लागले, उत्तर समुद्रातलं महागडं तेल काढणं परवडायला लागलं, 1977 ला अलास्काची पाइपलाइन सुरू झाली, फ्रान्सने 1974 पासून अणुवीज प्रकल्पांचा धडाका लावला (हे सरकारने केलं, मान्य, पण धक्का भावाचाच होता). 1979 ला इराणमधल्या क्रांतीनंतर भाव परत उसळला तेव्हा हे सगळं अजून जोरात झालं. कुणी म्हणेल ओपेक, म्हणजे सौदीसारख्या तेल विकणाऱ्या देशांची संघटना, ही मुळात टोळीच, तिथे कसलं आलंय मार्केट. बरोबर, पण भाव टिकवायला सौदीने कित्येक वर्षं स्वतःचं उत्पादन कमी करत नेलं आणि 1985 संपता संपता हात टेकले. 1986 मध्ये काही महिन्यांत भाव निम्म्याच्याही खाली. मग टेक्सासमध्ये चढ्या भावाच्या भरवशावर ज्यांनी कर्ज काढून विहिरी खोदल्या होत्या ते बुडाले, त्यांच्या मागोमाग बँका बुडाल्या, कामगार घरी बसले.

म्हणजे जुळवून घ्यायला बारा-तेरा वर्षं लागली, आणि तेवढा वेळ कमी पगारवाल्याला काढता येत नाही. म्हणून माझं म्हणणं, भावाला हात लावू नका, ज्यांचं कंबरडं मोडतंय त्यांच्या हातात थेट पैसे द्या. यातही घोळ आहेत, कुणाला द्यायचे हे ठरवताना भांडणं होतात आणि एकदा चालू केलेली मदत बंद करायला कुठलंच सरकार धजत नाही. तरी रांगेपेक्षा बरं.

पुढच्या वेळी भाववाढीवर लिहाल तेव्हा नवीन माल बाजारात यायला साधारण किती महिने किंवा वर्षं लागतील, हेही जाणकारांना विचारून छापा, एवढीच विनंती.

आपला,
एक नियमित वाचक