झोल म्हणजे वाट

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलंस, पेपरला निघताना तुमच्या हॉस्टेलच्या कझाक आजींनी दोन्ही तळहात उघडे धरून म्हटलं, "झोलंग बोलसन." मी हसलो. आमच्या डेपोत झोल म्हणजे हिशेबातला घोळ! मग तू अर्थ सांगितलास : तुला वाट मिळो. कझाक माणसाचं काम फत्ते झालं, की त्याची 'वाट झाली' म्हणतात. आणि आपल्याकडं वाट लागली म्हणजे संपलंच सगळं. 31 वर्षं एसटीचं स्टिअरिंग धरलं, पण हे कधी खटकलं नव्हतं बघ.

धाकट्याकडून मोबाईलवर आणखी काढून घेतलं. तिथं कायद्यालाही झोलच म्हणत. 16व्या शतकातल्या कासिम खानाची ती 'उजळ वाट', पुढं एसिम खानाची 'जुनी वाट'. आरटीओत कुणी असं बोलून बघावं! पण गुरं घेऊन हिंडणारी माणसं ती. हिवाळ्याचा मुक्काम क्स्तौ, उन्हाळ्याचं कुरण झायलौ. दरसाल जायचं आणि माघारी यायचं. कुठलं गवत आधी चारायचं, पाण्यावर हक्क कुणाचा, हे वाटेवरच ठरायचं. मग कायद्याला दुसरं काय म्हणणार?

त्यांच्या दंतकथेतल्या कोर्कुतची गोष्ट मात्र मनातून जाईना. मरण नको म्हणून तो वाऱ्यासारख्या सांडणीवर बसून पळाला. जाईल त्या दिशेला माणसं खड्डा खणताना दिसायची. "कुणाची कबर?" "कोर्कुतची." चारी दिशा झाल्या, तेव्हा तो आपल्या सिर दर्या नदीकाठी परत आला, पाण्यावर सतरंजी अंथरली आणि कोबिझ हे त्यांचं तंतुवाद्य वाजवत बसला. वाजवतोय तोवर मरण जवळ येईना. एकदा डुलकी लागली आणि साप चावला. गाडी चालवणाऱ्याला डुलकीचं वेगळं सांगायला नको. पण मला आवडलं ते त्याचं परत येणं. तिथं आता त्याचं स्मारक आहे, वारा शिरला की त्यातल्या नळ्या वाजतात म्हणे.

तू एका विषयात राहिलीस, आईला कळलंय. तिनं चकल्या केल्यात. तुमच्यातलाच एक मुलगा येतोय, त्याच्याबरोबर देतो. अर्ध्या आजींना दे.

आई अजून म्हणते, विमानतळावर मनू 'जाते' म्हणाली. मला तर 'येते' ऐकू आलं होतं.

तुझे,
बाबा