आवाजाच्या आतला सूर

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझे निपाणीहून आलेले पत्र मिळाले. ‘लव्हलेस’मध्ये तुला नुसता गोंगाट ऐकू आला आणि गाणारी बाई काय म्हणते ते शेवटपर्यंत कळले नाही, असे तू लिहितोस. शब्द कळत नाहीत हे खरे. पण माय ब्लडी व्हॅलेंटाइन या रॉक बँडच्या केव्हिन शील्ड्सने दोन वर्षांहून अधिक काळ खपून १९९१ साली हा अल्बम पुरा केला, तेव्हा आवाज गिटारच्या पुढे न बसवता तिच्या आत ठेवला, तो जाणूनबुजून.

त्याच्या हाताकडे लक्ष दे. तारा छेडताना तो ट्रेमोलोची दांडी सोडतच नाही. त्यामुळे तारांचा ताण सतत सैल होतो, पुन्हा आवळतो आणि स्वर आपल्या जागेच्या किंचित खाली-वर झुलत राहतो. त्यावर उलटा रिव्हर्ब, म्हणजे उलटा फिरवलेला घुमारा, असतो. एरवी घुमारा स्वरामागून विरत जातो. इथे तो फुगत येतो. गिटारींचे थरावर थर चढवले असावेत असे वाटते, पण शील्ड्सच्या सांगण्याप्रमाणे ते थोडेच आहेत.

तुझ्या मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी आठव. घोडीवर तारेखालचा सुताचा दोरा तू केसभर सरकवतोस आणि एकाच तारेतून कितीतरी स्वर उमटू लागतात. हे साम्य मी ओढूनताणून आणत नाही. बीटल्सच्या १९६६ सालच्या ‘रिव्हॉल्व्हर’मधील शेवटच्या गाण्यात तंबोरा अखंड वाजतो, त्यावर ध्वनिफितींचे तुकडे फिरत राहतात, आणि सायकेडेलिक रॉकची तीच वाट पुढे शूगेझपर्यंत, म्हणजे ‘लव्हलेस’च्या या शैलीपर्यंत, येते. फरक असा की तंबोरा गवयाला आधार देऊन मागे राहतो, तर इथे आधारच पुढे येतो आणि गाणारा त्यात विरून जातो. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण गाणाऱ्याने मिरवायचेच नाही असे ठरवलेले संगीत फार थोडे आहे.

याच शैलीतल्या स्लोडाइव्ह या बँडचा १९९३ सालचा ‘सुव्लाकी’ हा अल्बम मी जांबोटीच्या रस्त्यावर, आषाढातल्या धुक्यात, गाडीत ऐकला. रेचल गॉस्वेल आणि नील हॉलस्टेड यांचे आवाज इतके हलके आहेत की शोक करतात की समजूत घालतात हे सांगता येत नाही, आणि गिटार मोठ्याने वाजत असूनही अंगावर येत नाही.

तेव्हा तू आधी ‘सुव्लाकी’ ऐक, ‘लव्हलेस’ मागाहून. फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नकोस. त्यात खालचे स्वर गळून पडतात आणि उरते ती खरखर. आवाज मोठा ठेव, शब्दांच्या मागे लागू नकोस, आणि त्यानंतरही तुझे मत बदलले नाही तर का बदलले नाही ते मला सविस्तर लिही.

तुझा,
श्रीधर