बाबांच्या नव्या डोळ्यासाठी

ट्यूबिंगेन, जर्मनी, रविवार, रात्री

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतोय की, मग पत्र कशाला, असं आई म्हणणार. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मला तिसऱ्या दिवशी कळलं. ‘तू उगीच काळजी करतेस म्हणून’ हे मी ऐकून घेतलं, विसरलेली नाही. तर आता त्या डोळ्याला वाचायला काहीतरी हवं. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. बाबा, तुम्ही स्वतः वाचा. धाकट्याकडून वाचून घेऊ नका, शेवट तर मुळीच नको.

मी बरी आहे. दोन वेळा जेवते. वजन कमी झालेलं नाही. त्या फोटोत जॅकेट काढलं होतं म्हणून तशी दिसले. आणि नदीवर एकटी जात नाही. इथं नदीकाठी संध्याकाळी अर्धं गाव बसलेलं असतं, एकटं जायचं म्हटलं तरी जमणार नाही.

गाव तसं लहान, बेळगावात चार वेळा मावेल. पण विद्यापीठ १४७७ सालचं आहे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी दीडशे वर्षांचं. टेकडीवर किल्ला आहे. त्याच्या जुन्या स्वयंपाकघरात १८६९ साली फ्रीडरिश मीशर नावाच्या तरुण डॉक्टरनं, दवाखान्यातून आणलेल्या पट्ट्यांवरच्या पुवातून, आज ज्याला डीएनए म्हणतात ते पहिल्यांदा वेगळं काढलं. आम्ही नर्सा त्या पट्ट्या नाक मुरडून कचऱ्यात टाकतो, बघा. नदीला लागून पिवळा बुरूज आहे. होल्डरलिन नावाचा कवी, डोकं फिरल्यावर, १८०७ पासून मरेपर्यंत ३६ वर्षं तिथं राहिला. सांभाळलं कुणी, तर एका सुताराच्या घरच्यांनी. नात्याचे ना गोत्याचे. तिथून ड्यूटीला जाताना रोज मनात येतं की मी इथल्या परक्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत थेंब घालते आणि बाबांना शेजारच्या काकू घालतात. काकूंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्यासाठी चॉकलेटं पाठवते. इथं डिसेंबरात चॉकलेटची जत्राच भरते. ऑक्टोबरात तर हजारो पिवळी प्लास्टिकची बदकं नदीत सोडून त्यांची शर्यत लावतात. मोठी माणसं काठाकाठानं आपापल्या बदकामागं पळतात.

पण खरी मजा गुरुवारी झाली. होड्यांची शर्यत. होडी लांबुडकी, सपाट बुडाची. वल्ही नाहीत, मागं एकजण उभा राहून लांबच लांब वासा नदीच्या तळाला रोवून ढकलतो, बाकीचे हातानं पाणी मारतात. मधल्या बेटाला वळसा घालायचा. पुलाखाली सगळ्या होड्या एकदम घुसतात आणि आपल्याकडं शिवजयंतीला चित्ररथ अडकतात तशा अडकतात. आरडाओरडा, शिव्या, दोघं-चौघं पाण्यात. जिंकणाऱ्यांकडं कुणी बघत नाही, सगळे थांबतात हरणाऱ्यांसाठी. शेवटी आलेल्या होडीतल्या प्रत्येकानं अर्धा लिटर कॉडलिव्हरचं तेल प्यायचं, सगळ्यांसमोर! आई, तू मला लहानपणी नाक दाबून चमचाभर पाजायचीस तेच. वर पुढच्या वर्षीची शर्यत भरवायची जबाबदारीही हरलेल्यांचीच. आमच्या वॉर्डातल्या एकानं जागा धरून ठेवली होती म्हणून मला नीट दिसलं.

आता केरवोखे. हे मी फोनवर दोनदा सांगितलं आणि तुम्हाला दोनदा कळलं नाही, म्हणून लिहूनच काढते. नवीन होते तेव्हा एका सोमवारी माझ्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी टांगलेली दिसली. मला वाटलं, भाडं थकलं म्हणून नोटीस. खाली जाऊन मालकीणबाईंना पैसे भरल्याचा कागद दाखवला. त्या माझ्याकडं बघतायत, मी त्यांच्याकडं. तर त्याचा अर्थ असा की या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुझी. आठवडा संपला की जिना पुसायचा आणि पाटी शेजारच्या दाराला अडकवायची. हे झालं लहान केरवोखे. मोठं केरवोखे म्हणजे बाहेरचा रस्ता, अंगण, पानगळ आणि हिवाळ्यात बर्फ. घाण आहे की नाही हा प्रश्नच नाही. जिना लखलखीत असला तरी झाडायचा, आणि झाडताना कुणीतरी बघितलेलं बरं. म्हणतात की विद्यापीठ काढणाऱ्या त्या दाढीवाल्या संस्थानिक एबरहार्टच्याच काळापासून ही शिस्त चालत आलीय.

पहिल्या खेपेला मी आपल्या पद्धतीनं बादलीभर पाणी वरच्या पायरीवरून सोडलं आणि खराट्यानं ओढत खाली आले. पाणी थेट मालकीणबाईंच्या पायपुसण्याखाली. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी एक फडकं, घडी घालून, माझ्या दाराशी. मी पण गप्प बसले नाही. पाडव्याला जिना पुसून दाराशी तांदळाच्या पिठाची चार ठिपक्यांची रांगोळी काढली. त्यांनी विचारलं, मुंग्यांचं औषध टाकलंस का. आता त्या ती ओलांडून जातात, पुसत नाहीत.

बाबा, आता एक सांगते, रागावू नका. किटेल नावाचे एक पाद्री होते. धारवाड, मंगळूर भागात आयुष्य घालवून त्यांनी कन्नडचा मोठा कोश केला, ७०,००० वर शब्दांचा, १८९४ साली छापला. या ट्यूबिंगेनच्या विद्यापीठानं त्यांना डॉक्टरेट दिली आणि १९०३ साली ते याच गावात वारले. ते ज्या बासेल मिशनचे, त्याच मिशननं १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. म्हणजे १ नोव्हेंबरला तुम्ही सीमाप्रश्नासाठी दंडाला काळी फीत बांधून ज्या घरातून बाहेर पडता त्या घरावरची मंगळुरी कौलं आणि तो कन्नड कोश एकाच घरचे निघाले. मी तुमची बाजू सोडलेली नाही. इथं कुणी ‘बंगलोरजवळच्या का’ विचारलं की अजूनही आधी खानापूर सांगते, मग मलप्रभा, मग पुढचं सगळं. निम्म्यात लोक उठून जातात.

पैशाचं. मंगळवारी ४०,००० पाठवलेत. त्यातले आधी धाकट्याची फी, मग पावसाच्या आत मागची कौलं. पत्रे घालू नका, रात्री त्या आवाजात आईला झोप लागत नाही. भाषेच्या कोर्सचं कर्ज अजून आठ हप्ते, ते मी इथून फेडते, सोसायटीत जाऊन विचारू नका. गणपतीला येणं होत नाही. रजा मिळत नाही असं सांगणार होते, पण खरं म्हणजे तिकिटाच्या पैशात कौलं बसतात.

गडहिंग्लजच्या स्थळाला नाही कळवा. मुलगा चांगला असेल, फोटोही चांगला आहे. आत्याला वाईट वाटेल, मी तिला वेगळा फोन करते.

शर्यतीला ज्यानं जागा धरली होती तो धारवाडचा आहे. माझ्याच वॉर्डात नर्स आहे. घरी कन्नड बोलतात. मराठी त्याला समजतं, बोलताना ‘तो चहा’ची ‘ती चहा’ करतो. आईला मी मागच्या महिन्यात थोडं सांगितलंय, तिला ओरडू नका. लगेच उत्तर नको. डॉक्टरांनी सहा आठवडे डोळ्यांना ताण देऊ नका म्हटलंय, तेव्हा हे पत्र एका बैठकीत वाचलं नसेल तरी चालेल.

थेंब दिवसातून चार वेळा, हात धुऊन. आणि वाकून बादली उचलू नका.

तुमची,
ताई