मावशींच्या हातासाठी धावून आलेल्यांचे आभार

गटारीच्या रविवारी, ऐन गर्दीत, दादरच्या आमच्या मालवणी खानावळीत मावशींच्या हातावर उकळतं तेल उडालं. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या एक ताई थेट आत आल्या. टूथपेस्ट नको, बर्फही नको म्हणाल्या, सूज चढण्याआधी बांगड्या उतरवल्या आणि पुरती २० मिनिटं हात नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरून ठेवला. केईएमच्या डॉक्टरांनीही हेच बरोबर केलंत म्हणून सांगितलं. परळपर्यंत नेऊन भाडं न घेणारे टॅक्सीवाले काका, तुमचेही मनापासून आभार.

मावशींचा आम्हाला भयंकर धाक. सुरमईचा रवा जरा सुटला की तुकडी परत. "मेल्या, तवो थंड झालो!" ही हाक पार रस्त्यावर ऐकू जाते. पण आम्ही सगळे जेवल्याशिवाय त्या ताटावर बसत नाहीत. गावाहून आलेल्या नव्या पोराला पहिली सोलकढी त्यांच्याच हातची मिळते. तो हात तुम्ही वाचवलात!

आता जखम भरतेय. सध्या स्टुलावर बसून ओरडतात, आणि ते ऐकून फार बरं वाटतं. ताई, काका, जेवायला नक्की या. मावशींना स्वतः वाढायचंय.